घसरगाडीचा कुत्रा आणि परीक्षकाचा हात

गेल्या हिवाळ्यांत एका श्वान-प्रदर्शनास जाण्याचा योग आम्हांस आला. रिंगणांत सायबेरियन हस्की जातीचे पांच-सहा कुत्रे उभे होते. त्यांतील एक चांगला धिप्पाड, काळा-पांढरा, निळ्या डोळ्यांचा आणि मानेभोंवतीं आयाळ असल्यासारखा दिसणारा. प्रेक्षकांचा सगळा ओढा त्याच्याकडे होता. दुसरा एक लहानखुरा, राखी रंगाचा, तपकिरी डोळ्यांचा; पाहतांक्षणीं कोणाच्या मनांत भरूं नये असा. परीक्षकानें प्रत्येकावर दोन-तीन मिनिटें खर्च केलीं, सर्वांना दुडक्या चालीनें पळवून पाहिलें, आणि पहिल्या क्रमांकाचा मान त्या लहानखुऱ्याला दिला. आमच्या शेजारीं बसलेले एक वयस्क गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, हा कसला न्याय? ह्याच्यापेक्षां आमच्या वाड्यांतला पॉमेरियन काय वाईट होता!"

चिडण्याच्या भरांत त्या गृहस्थांनीं नात्याची एक खरी गोष्ट बोलून टाकली होती. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत 'पॉमेरियन' या नांवानें जो पांढरा, कोल्ह्याच्या तोंडाचा कुत्रा पाळला जातो तो बहुधा खरा पॉमेरियन नसून भारतीय स्पिट्झ असतो. आणि हस्की हा त्याच गोतावळ्यांतला. स्पिट्झ हा शब्द जर्मन असून त्याचा अर्थ टोंकदार. निमुळतें तोंड, उभे त्रिकोणी कान, दाट दुहेरी केस आणि पाठीवर वळणारी शेपटी हीं त्या कुळाचीं चिन्हें होत. १९११ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या वर्गवारींत या सर्वांना 'स्पिट्झ व आदिम जाती' अशा एका वर्गांत घातलें आहे, आणि बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या उत्तरेकडील कुत्र्यांचा त्यांत निराळा पोटवर्ग केला आहे.

'आदिम' हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाहीं. त्यावरून कांहीं अर्धवट राहिल्याचा भास होतो. वस्तुतः हा कुत्रा एका कामासाठीं फार पूर्वींच पुरा झालेला आहे. सायबेरियाच्या उत्तरेस झोखोव्ह नांवाचें बेट आहे. तेथें सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका कुत्र्याचे अवशेष मिळाले. त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजच्या घसरगाडीच्या कुत्र्यांशीं त्याचें जवळचें नातें असल्याचें दिसून आलें. चरबीवर जगण्याची शक्ति या कुत्र्यांच्या अंगीं बाणलेली आहे. उलट शेतीवाडी करणाऱ्या माणसांबरोबर राहून इतर कुत्र्यांना धान्य पचविण्याची जी शक्ति आली ती यांच्यांत अल्प आहे. भाकरीच्या तुकड्यावर वाढलेला आपला दारचा कुत्रा आणि सीलच्या चरबीवर वाढलेला हा कुत्रा यांचे रस्ते इतक्या जुन्या काळीं निराळे झाले.

असा हा प्राणी प्रदर्शनाच्या रिंगणांत आला कसा? पद्धतशीर श्वान-प्रदर्शनांचा आरंभ इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालच्या जून महिन्यांत झाला असें मानतात. त्यांत फक्त पॉइंटर व सेटर या शिकारी जातींचे साठेक कुत्रे होते, आणि बक्षिसें होतीं बंदुकांचीं. (त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला, हाहि एक योगायोगच.) पुढें १८७३ सालीं लंडनचा केनेल क्लब निघाला, १८८४ सालीं अमेरिकेचा. प्रत्येक जातीचें एक लक्षणपत्र असावें, उंची, डोकें, पाय, केस, चाल यांचें वर्णन त्यांत लिहिलेलें असावें, आणि परीक्षकानें समोरचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशीं नव्हे तर त्या लिखित आदर्शाशीं ताडून पाहावा, ही रीत हळूहळू रूढ झाली.

रीत वाईट नव्हे. आपला शेतकरी आटपाडीच्या किंवा खरसुंडीच्या बाजारांत खिल्लार बैल घेतो तेव्हां तोहि रूपच पाहतो. शिंगें पाहतो, खांदा चाचपतो, खूर पाहतो आणि "चालवून दाखवा" म्हणतो. परंतु त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या शिवारांतला नांगर असतो, त्यामुळें त्याचें रूप पाहणें म्हणजे काम पाहणेंच असतें. न्यूकॅसलच्या त्या पहिल्या परीक्षकांचेंहि तसेंच. रानांत पॉइंटर काय करतो हें त्यांनीं शेंकडों वेळां पाहिलें होतें. घसरगाडीच्या कुत्र्याविषयीं मात्र हा आधार नाहींसा झाला. लंडनच्या परीक्षकानें ना तें बर्फ पाहिलें होतें, ना ती गाडी.

पहिला अनुभव सामोयेड जातीला आला. १८८९ सालीं अर्नेस्ट किलबर्न-स्कॉट या इंग्रज गृहस्थानें उत्तर रशियांतील आर्खांजेल येथून एक पिल्लू घरीं आणलें. त्याचें नांव सबार्का, आणि त्याचा रंग तपकिरी. नेनेत्स लोकांकडे (सामोयेड हें त्यांना परक्यांनीं दिलेलें नांव) असे काळे, तपकिरी, ठिपकेदार कुत्रेहि पुष्कळ होते. पण इंग्रज दिवाणखान्यांस पांढरा शुभ्र कुत्रा भावला, आणि लक्षणपत्रांत शेवटीं पांढरा, सायीचा व बिस्किटी एवढेच रंग राहिले. ज्याच्यापासून या जातीची इंग्लंडांतील कथा सुरू होते तो सबार्का आज रिंगणांत आला तर रंगावरूनच त्याला बाहेर काढतील! आणि याच सुमारास सायबेरियांतील कुत्रे घेऊन नान्सेन ध्रुवाकडे निघाला होता. १८९५ सालच्या मार्चमध्यें तो व योहानसेन 'फ्राम' जहाज सोडून २८ कुत्र्यांनिशीं बर्फावर उतरले, ८६ अंश १४ कलांपर्यंत पोंचले आणि परतले. वाटेंत एकेक कुत्रा मारून बाकीच्यांना खाऊं घालावा लागला, आणि ऑगस्टपर्यंत एकहि उरला नाहीं. एकीकडे रंगाची निवड, दुसरीकडे ही. एकाच मुलखांतल्या प्राण्यांच्या नशिबीं दशकाच्या आंत या दोन परीक्षा आल्या.

आतां त्या लहानखुऱ्या राखी कुत्र्याकडे वळूं. अलास्कांत नोम हें सोनें सांपडल्यामुळें वसलेलें गांव. तेथून कँडलपर्यंत जाऊन परत येण्याची ४०८ मैलांची घसरगाड्यांची शर्यत दरवर्षीं होत असे. १९०८ सालीं विल्यम गूसाक नांवाच्या रशियन व्यापाऱ्यानें बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून सायबेरियांतले कांहीं कुत्रे तेथें आणले. अलास्कांतील मालवाहू कुत्र्यांपुढें ते इतके लहान दिसत कीं लोकांनीं त्यांना 'सायबेरियाचे उंदीर' म्हणून हिणविलें, असें सांगतात. पण १९०९ च्या शर्यतींत या उंदरांची गाडी तिसरी आली. तें पाहून फॉक्स मॉल रॅमझे या स्कॉटिश तरुणानें आनादीर नदीवरील मार्कोव्हो येथें जाऊन साठसत्तर कुत्रे खरेदी केले, आणि १९१० सालीं त्यांतील एक गाडी हांकून जॉन जॉन्सननें ७४ तास १४ मिनिटें ३७ सेकंदांत शर्यत जिंकली. पुढें १९१५, १६ व १७ अशीं लागोपाठ तीन वर्षें लेओन्हार्ड सेपाला हा नॉर्वेजियन गाडीवान याच कुत्र्यांच्या बळावर जिंकला. हे कुत्रे मुळांत सायबेरियाच्या पूर्व टोंकाकडील चुकची व त्यांच्या शेजारच्या लोकांनीं निपजविलेले. लांबच्या मजला, हलकें ओझें, मध्यम वेग आणि कमींत कमी खाणें हें त्यांचें काम. हीच गोष्ट अमेरिकन केनेल क्लबनें १९३० सालीं ही जात मान्य केल्यावर तिच्या लक्षणपत्राचा गाभा झाली.

गंमत अशी कीं 'हस्की' हा शब्द 'एस्किमो' या शब्दाचा अपभ्रंश. आणि ज्या कुत्र्याला तो कायमचा चिकटला तो एस्किमोंचा नव्हेच.

परीक्षक त्या दोन-तीन मिनिटांत काय पाहतो तें आतां पाहूं, म्हणजे आमच्या शेजारच्या गृहस्थांना उत्तर देतां येईल. प्रथम तो दुरून बाह्याकृति पाहतो: कुत्रा उंचीपेक्षां किंचित् लांब असावा. नराची खांद्यापाशीं उंची २१ ते साडेतेवीस इंच, वजन ४५ ते ६० पौंड. साडेतेवीस इंचांवर गेला तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणें तो बादच. त्या धिप्पाड कुत्र्याचें काय झालें हें येथेंच कळतें. मग परीक्षक हात घालतो. दाट केस फसवे असतात; त्यांच्याखालीं काय आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं, बोटांनाच कळतें. छाती खोल हवी, पण रुंद नको. बरगड्या पाठीच्या कण्याकडून फुगीर, पण कुशीला चपट्या, म्हणजे कोंपर मोकळें हलतें. खांद्याचा फरा मागें झुकलेला हवा, उभा नको. उभ्या फऱ्याचा कुत्रा पाऊल आंखूड टाकतो, आणि चाळीस मैलांच्या मजलेंत त्या आंखूडपणाचा हिशेब फार मोठा होतो. पाऊल लंबवर्तुळाकार, घट्ट, तळव्यांच्या मधून केस असलेलें. कारण उघड्या कातडीवर बर्फाचे गोळे चिकटले कीं कुत्रा लंगडतो. कान जाड व केसाळ, कारण पातळ कान गोठतात. शेपटी कोल्ह्यासारखी झुबकेदार. झोपतांना तीच नाकावर ओढून घ्यायची असते. केसांचे दोन थर हवेत, पण ते इतके लांब नसावेत कीं शरीराची रेघ झांकली जाईल. ज्या आयाळीला प्रेक्षक भाळले तींत बर्फ अडकून गांठी होतात. लक्षणपत्राच्या दृष्टीनें तो दोष आहे. आणि डोळे? तपकिरी असोत, निळे असोत, एक असा नि एक तसा असो, सारखेच. निळ्या डोळ्यांनीं गाडी अधिक ओढली जात नाहीं.

शेवटीं चाल. दोरी सैल सोडून कुत्र्याला दुडक्या चालीनें पळवितात, कारण दोरी ताठ धरली तर दोष लपतो. हळू चालतांना पाय दोन समांतर रेघांत पडतात. वेग वाढला कीं ते आंत येत येत शरीराच्या मध्यरेषेखालीं एकाच रेघेवर पडूं लागतात. जाणत्याला तेथें सगळा इतिहास वाचतां येतो. उड्या मारीत जाणारा कुत्रा रिंगणांत रुबाबदार दिसतो, पण वर उचललेलें प्रत्येक पाऊल म्हणजे फुकट गेलेली शक्ति. आम्हीं पुन्हां आठवून पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं त्या राखी कुत्र्याची पाठ पळतांना जराहि हलत नव्हती. तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

याच्या अगदीं शेजारीं मालाम्यूट उभा करून पाहावा, म्हणजे रूप कामावर कसें अवलंबून असतें तें समजतें. कोत्झेब्यू आखातावरील माहलेम्यूट लोकांचा हा कुत्रा जड ओझें सावकाश ओढणारा: २५ इंच उंच, ८५ पौंड वजनाचा, हाडापेरानें मजबूत. १९३५ सालीं त्याला मान्यता मिळाली, आणि त्याचें लक्षणपत्र परीक्षकाला बजावतें कीं जड ओझें ओढण्याची योग्यता इतर सर्व गोष्टींच्या आधीं पाहावी. येथें निळा डोळा बादच होतो. म्हणजे एकाचें भूषण तें दुसऱ्याचें दूषण. आणि प्रेक्षकांना आवडणारा तो धिप्पाड हस्की या दोहोंच्या मध्यें कोठें तरी अडकलेला, कोणत्याच कामाचा नसलेला प्राणी.

इथपर्यंत रिंगणाची बाजू भक्कम आहे. आतां दुसरी बाजू. १९२५ सालच्या जानेवारींत नोम गांवांत घटसर्पाची सांथ आली. लस आगगाडीनें नेनानापर्यंत आली, आणि तेथून ६७४ मैल वीस गाडीवानांनीं व सुमारें दीडशें कुत्र्यांनीं ती एकमेकांच्या हातीं देत साडेपांच दिवसांत नोमला पोंचविली. शेवटचा टप्पा गुन्नार कासेननें हांकला. त्याचा म्होरक्या होता बाल्टो. सर्वांत लांब व धोक्याचा टप्पा सेपालाचा. त्याचा म्होरक्या टोगो तेव्हां बारा वर्षांचा होता आणि एकंदर अडीचशें मैलांहून अधिक धांवला. कीर्ति मात्र बाल्टोला मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळा उभा राहिल्यावर जिवंत बाल्टोचे हाल झाले. तो लॉस एंजल्सच्या एका हलक्या तमाशांत जाऊन पडला, आणि १९२७ सालीं क्लीव्हलंड शहरांतल्या लोकांनीं, त्यांत शाळेच्या मुलांनीं पैसा-पैसा जमवून, त्याला सोडवून आणला. १९३३ सालीं तो वारला. त्याचें पेंढा भरलेलें शरीर तेथील संग्रहालयांत ठेवलें आहे.

हा बाल्टो अमेरिकेच्या रिंगणांत उभा राहूं शकला नसता. त्याला पिल्लेपणींच खच्ची केलेलें होतें, आणि खच्ची कुत्र्यांना तेथील रूपपरीक्षेंत प्रवेश नाहीं. नियमामागें कारण आहे: प्रदर्शन म्हणजे वंशासाठीं निवड, असा मूळ हेतु. पण चुकची लोकांत निवड उलट रीतीनें होत असे असें सांगतात; उत्तम तेवढे नर वंशासाठीं राखीत, बाकीचे खच्ची करून गाडीला जुंपीत. म्हणजे ज्यांच्या पायांवर जातीचें नांव झालें त्यांतले पुष्कळसे रिंगणाच्या दाराबाहेरचेच. २०२३ सालीं बाल्टोच्या जपलेल्या कातडीवरून त्याचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या सायबेरियन हस्कीशीं त्याचें नातें अंशतःच जुळलें, आणि आजच्या बंदिस्त जातींपेक्षां त्याच्यांत अंतःप्रजननाच्या खुणा कमी आढळल्या. यांत नवल नाहीं. १९३० च्या सुमारास सायबेरियांतून शेवटचे कांहीं कुत्रे आले, सोव्हिएट सरकारनें वाट बंद केली, आणि मूठभर पूर्वजांवर वंशावळीची वही मिटली गेली. वहींत रूप जपतां येतें. त्या रूपामागची विविधता वहीच्या बाहेर राहिली.

असें असूनहि आम्ही रिंगणाला सर्वस्वीं दोष देण्यास तयार नाहीं, आणि त्याचें कारण कॅनडांत आहे. तेथील इन्युइट लोकांचा किम्मिक नांवाचा कुत्रा. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकारनें इन्युइटांना ठरावीक वस्त्यांत आणून बसविलें, आणि त्या वस्त्यांत मोकळे फिरणारे कुत्रे पोलिसांनीं व अधिकाऱ्यांनीं मोठ्या संख्येनें गोळ्या घालून मारले. कुत्रा गेला म्हणजे शिकार गेली, शिकार गेली म्हणजे घर गेलें. कॅनडाच्या सरकारनें यासाठीं २०१९ सालीं किकिक्ताानी भागांतील इन्युइटांची आणि २०२४ सालीं नुनाविकमधील इन्युइटांची जाहीर माफी मागितली. बर्फावर चालणाऱ्या मोटार-घसरगाड्यांनीं उरलेलें काम संपविलें. १९७० नंतरच्या दशकांत ही जात नामशेष होण्याच्या बेतांत असतां विल्यम कार्पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दूरदूरच्या वस्त्यांतून शुद्ध कुत्रे गोळा करून यलोनाइफ येथें त्यांची पैदास केली, आणि त्या कामांत कॅनडाच्या केनेल क्लबच्या नोंदवहीचा उपयोग झाला. ज्या वहीनें एकीकडे दार लावलें तिनेंच दुसरीकडे जीव वांचविला. ग्रीनलंडनें तिसराच मार्ग धरला. तेथील घसरगाडी-प्रदेशांत दुसऱ्या जातीचा कुत्रा नेण्यास बंदी आहे, आणि बाहेर गेलेला कुत्रा परत येऊं शकत नाहीं. तेथें रिंगण लागत नाहीं. परीक्षा दर हिवाळ्यांत होतेच. तरीहि समुद्रावरचें बर्फ कमी होत चालल्यामुळें व मोटार-घसरगाड्यांमुळें तेथील कुत्र्यांची संख्या दोन दशकांत सुमारें निम्म्यावर आली आहे. तेव्हां काम हाच खरा परीक्षक असें म्हणून चालत नाहीं; काम संपलें कीं तो परीक्षकहि जातो.

शर्यतीच्या जगानें तर लक्षणपत्र केव्हांच टाकून दिलें. १९७३ पासून चालू असलेल्या हजार मैलांच्या इडिटारॉड शर्यतींत जिंकतात ते बहुतेक 'अलास्कन हस्की', म्हणजे कसलीहि वंशावळ नसलेले, मिश्र रक्ताचे, कान अर्धे पडलेले, सडपातळ कुत्रे. रिंगणांत त्यांना कोणी उभें करणार नाहीं. उलट रिंगणांतले हस्की त्यांच्या वेगाला पोंचणार नाहींत. ही फूट सांधण्याचे प्रयत्न होतात. अमेरिकेंतील सायबेरियन हस्कीचा जातिमंडळ-क्लब ठरावीक मैल गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना पदव्या देतो. स्कँडिनेव्हियांत कांहीं ठिकाणीं गाडी ओढण्याची परीक्षा दिल्यावांचून ध्रुवीय जातींना विजेतेपद मिळत नाहीं. आमच्या मतें ही स्कँडिनेव्हियन रीत सर्वांत शहाणपणाची आहे. हातानें चाचपून जें अनुमान केलें तें खरें कीं खोटें हें विचारायला निदान एक जागा उरते. पण ती रीत जेथें बर्फ आहे तेथेंच चालणार. उष्ण देशांतल्या परीक्षकाला आपल्या बोटांवरच विसंबावें लागतें.

हें सारें आम्हीं त्या शेजारच्या गृहस्थांना जमेल तितकें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, पण समाधान झालेलें दिसलें नाहीं. प्रदर्शन आटोपल्यावर बाहेर मांडवाच्या सांवलींत तो राखी कुत्रा जीभ बाहेर काढून पडला होता, आणि त्याचा तरुण मालक पंचा भिजवून त्याच्या पोटाखालीं धरीत होता. आमचे गृहस्थ जवळ गेले, वांकून त्यांनीं कुत्र्याचें पाऊल उचललें, तळव्यांमधले केस बोटांनीं बाजूला करून नीट पाहिले, आणि विचारलें, "काय रे, हा इथें काय ओढतो?"

"काय ओढणार, आजोबा!" तो मुलगा म्हणाला. "सकाळीं फिरायला नेलें कीं मलाच ओढतो."